मोर्चाची परतीची गाडी

"फोडा!" आमचे पुढारी दिगूअण्णा ओरडले आणि दगड उचलून मी सगळ्यांच्या पुढं पळालो.

सकाळपासून आमचं अख्खं गाव तहसीलसमोर रिकाम्या कळश्या बडवत होतं. नळाला पाणी मागायला आलो होतो, पण साहेब बाहेर यायला तयार नाही. डोकं फिरलेलंच होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून एसटी वळली, आणि सरकारी गाडी दिसल्यावर अण्णांचाही तोल सुटला. मी दगड उगारला. काचेमागं डायव्हरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

"थांब मुडद्या!" मागून पारूकाकी किंचाळली. "पाटी बघ की! आपल्याच गावाची गाडी हाय, आता संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. फोडून काय चालत जायचं?"

एवढं बोलून तिनं पळत जाऊन खिडकीतून कळशी आत टाकली आणि जागा धरली. मग काय! सगळ्यांच्या हातातले दगड पटापट खाली पडले. रुमाल, टोप्या, पिशव्या, ज्याला जे सापडलं ते खिडकीतून आत. जागेसाठी जेवढी रेटारेटी झाली, तेवढी अख्ख्या मोर्चात झाली नव्हती.

"अरे, अध्यक्षाला तरी जागा द्या!" दिगूअण्णा दारात लोंबकळत होते.

"टपावर बसा, घोषणा लांबपर्यंत ऐकू जातील," काकी म्हणाली. डायव्हरसकट सगळी गाडी हसली.

मी शेवटी चढलो, मान खाली घालून. डायव्हरनं मला बरोबर ओळखलं. शेजारच्या इंजिनावरची पिशवी उचलून म्हणाला, "ये, इथं बस. तू मला डोळ्यासमोरच बरा."