शेजारदर्शन

"इथे दारं लावत नाहीत," गाइड गळ्यातल्या माइकमध्ये म्हणाला, आणि त्याच्यामागची पंधरा-वीस माणसं फौजदारीणबाईंच्या घरात डोकावली.

फौजदारीणबाई कांदा चिरत होत्या. त्यांच्या घराण्यात कोणी फौजदार नव्हता. गल्लीनेच त्यांच्या आवाजावरून ही पदवी बहाल केली होती. सून केस विंचरत होती, ती चटकन पडद्याआड गेली. दर रविवारी सकाळी हे असंच चालायचं. जुन्या वस्त्या पायी फिरून दाखवणं हा गाइडचा धंदा होता, आणि ही गल्ली म्हणजे त्याच्या फेरीतला शेवटचा थांबा. इथे पोचला की त्याचा आवाज हळवा व्हायचा. शेजार म्हणजे काय ते शहर विसरलं, पण या गल्लीने जपलं, वगैरे. बायका डोळे टिपायच्या. पुरुष फोटो काढायचे. त्या रविवारी तर टोपीवाले एक गृहस्थ सरळ आत आले आणि त्यांनी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं.

फौजदारीणबाईंनी सुरी खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळे सून जास्तच घाबरली. तुम्ही कुठे राहता, एवढंच त्यांनी गाइडला विचारलं. त्याने जरा अभिमानानेच नदीपलीकडच्या उंच इमारतींकडे बोट दाखवलं.

"मग आम्ही येऊ का एकदा तुमची वस्ती बघायला?"

मंडळी हसली. माइक चालू होता. गाइडला नाही म्हणता येईना. अवश्य या मावशी, आपलंच घर आहे, असं तो म्हणून गेला.

असं म्हणणाऱ्यांची घरं सहसा कोणी पाहिलेली नसतात. पण फौजदारीणबाई दिल्या शब्दाला जागणाऱ्या होत्या, मग तो दुसऱ्याने दिलेला का असेना. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या निघाल्या. बरोबर सून, रेडिओ दुरुस्त करणारा, दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्याची बायको.

फाटकावरच्या वॉचमनने कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. कोणालाच नाही, नुसतं बघायला आलोय, असं बाईंनी सांगितल्यावर तो गोंधळला. इथे माणसं काहीतरी पोचवायला यायची, नाहीतर काहीतरी दुरुस्त करायला. बघायला कोणी येत नसे. शेवटी त्याने गाइडला फोन करून खाली बोलावलं. गाइड घरच्या चपलांत आला आणि पाहुणे बघून त्याचा चेहरा पडला. पण त्याच्या शेजारप्रेमावर कालच वर्तमानपत्रात अर्धं पान छापून आलं होतं. यांना फाटकावरून परत कसं पाठवणार?

पटकन घरात न्यावं, चहा पाजावा आणि कटवावं, असा त्याचा बेत होता. पण लिफ्टमधून बाहेर पडताच फौजदारीणबाई थांबल्या. मूठ वळून त्यांनी तोंडासमोर धरली.

"तर मंडळी, इथे दारं लावतात," त्यांनी सुरुवात केली. हे एक लावलेलं दार, त्याच्या समोर हे दुसरं, आणि आत माणसं राहतात असं जाणकारांचं मत आहे. रेडिओवाल्याने चपलांच्या कपाटाचा फोटो काढला. ही माणसं बाहेर कोणत्या मोसमात दिसतात, असं कंपाउंडरने गंभीरपणे विचारलं. सून तोंडाला ओढणी लावून हसत होती. गाइडही हसला, म्हटलं एकदाचं आटपू दे.

मग बाईंनी त्याच्या घरासमोरच्या दाराकडे मूठ वळवली. इथे कोण राहतं?

गाइड अडखळला. आहेत कोणीतरी, बहुतेक बाहेरगावीच असतात, असं काहीतरी तो बोलला. इथे राहायला येऊन त्याला सहा वर्षं झाली होती.

तेवढ्यात ते दार उघडलं.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी मात्र वाढलेली. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. हसणं आपोआप थांबलं. ते बाजूला झाले.

"या," ते म्हणाले. "कोणीतरी येईल असं वाटतच होतं."

बाहेरच्या खोलीत खुर्चीवर एका बाईचा फोटो टेकवून ठेवला होता. भिंतीला अजून खिळा ठोकलेला नव्हता. फोटोपुढे तिचा चष्मा होता. फौजदारीणबाईंची मूठ सुटली. चपला बाहेर काढून त्या आत गेल्या, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, कधी झालं.

गेल्या महिन्यात, ते म्हणाले. भर दुपारी. स्वयंपाकघरातच पडली.

दारात उभ्या असलेल्या गाइडला ती दुपार आठवली. लिफ्ट बराच वेळ याच मजल्यावर अडकवून ठेवली होती. त्याने इमारतीच्या ग्रुपवर खरमरीत तक्रार लिहिली होती, आणि तिला भरपूर अंगठे मिळाले होते.

म्हातारे खूप वेळ बोलत राहिले. कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवल्यासारखे बोलत होते. सून न विचारता आत गेली आणि चहा ठेवला. कंपाउंडरच्या बायकोने पडलेली भांडी घासली. रेडिओवाल्याने खिळा ठोकून फोटो लावला. फौजदारीणबाई फक्त ऐकत होत्या. गल्लीतल्या माणसांनी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

निघताना म्हाताऱ्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. कुठून आलात, असं प्रत्येकाला विचारलं. नदीपलीकडून, असं उत्तर येत गेलं. एवढ्या लांबून आलात, म्हणताना त्यांना भरून आलं.

शेवटी ते दारातल्या गाइडपाशी आले. त्याचाही हात त्यांनी हातात घेतला.

"आणि तुम्ही? तुम्हीही लांबून आलात?"

सगळे गाइडकडे बघायला लागले. आता फौजदारीणबाई काय बोलतात, याची त्याने वाट पाहिली. त्या खाली वाकून आपल्या चपला शोधत राहिल्या.

"हो," गाइड म्हणाला. "मी सगळ्यांत लांबून आलोय."