खोड काय?

जितेश वजनकाट्यावर उभा राहिला आणि नाथूने श्वास रोखून धरला. जसं काही पोराचं नाही, त्याचंच वजन होणार होतं.

महाडच्या कॉलेजच्या हॉलमध्ये मॅट अंथरली होती. मुंबईच्या एका कबड्डी संघाला खेळाडूंच्या लिलावाआधी कॉलेजची पोरं पारखून घ्यायची होती. सकाळपासून जमलेल्या पोरांतून आता तिघंच उरली होती, आणि त्यातलं एकच पुढे जाणार होतं. येताना एसटीत जितेशने बापाला बजावलं होतं, "कोनी काय पन विचारू दे, तू गुडग्याचं नाव काढायचं नाय. माजी शपत हाय तुला." नाथूने मान डोलावली होती. गप्प बसणं त्यात काय कठीण, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

पण पारखायला आलेला माणूस ओळखीचा निघाला, हीच पंचाईत झाली. झकेरिया मूळचा जवळच्याच तुडील गावचा. एके काळी तो मुंबईच्या त्याच संघातून खेळला होता, आता त्या संघासाठी पोरं शोधत हिंडायचा. दर बकरी ईदेला त्याच्या घरचा बकरा पोलादपूरच्या वर डोंगरवाडीला राहणाऱ्या नाथूच्या कळपातूनच जायचा. कुर्बानीला लंगडं जनावर चालत नाही. म्हणून झकेरिया बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि एवढंच विचारायचा, "नाथूभाऊ, खोड काय?" नाथू असेल ती खोड सांगून टाकायचा. मग बकरा गाडीत तरी चढायचा, नाहीतर नाथूबरोबर डोंगर चढून घरी परत यायचा. या सौद्यात नाथू आजवर कधी खोटं बोलला नव्हता, आणि त्याला त्याची घमेंड होती म्हणा ना.

जितेश चढाईला गेला. कोपऱ्यातल्या पोराला पायाने टिपून तो असा काही परत फिरला की भिंतीकडेला उभ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाथूला शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. त्याची नजर डाव्या गुडघ्यावरून हलत नव्हती. पोरगं प्रत्येक वेळी उजव्याच पायावर वळत होतं. कुणाच्या ध्यानात येऊ नये, एवढंच नाथू मनात घोकत होता.

चढाया संपल्या. जितेश घाम पुसत बापाजवळ येऊन उभा राहिला, आणि मागोमाग झकेरियाही आला. तो खुशीत होता.

"पोरगं तयार केलंय हां, नाथूभाऊ," तो म्हणाला. त्याने जितेशच्या पाठीवरून हात फिरवला आणि हसत हसत विचारलं, "खोड काय?"

"डावा गुडगा," नाथू म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. जितेशचा चेहरा पार उतरला.

"म्हंजे तसं काय नाय," नाथू घाईघाईने सावरायला गेला. "शिमग्यात गावच्या खेळात मुरगाळला. उतरनीला धरतो तेवढा. सपाटीला काय सुदिक नाय." जितका बोलेल तितकं बिघडत चाललं होतं, ते त्यालाही दिसत होतं. पण थांबता येईना.

झकेरियाचं हसू मावळलं. त्याने खाली बसून गुडघा दाबला. "दुखतंय?"

"नाय," जितेश म्हणाला.

"डाव्या पायावर वळून दाखव."

जितेश वळला. एकदाच वळला, पण तेवढं पुरे झालं.

झकेरिया उठून उभा राहिला. पोरगं त्याला मनापासून आवडलं होतं, ते लपत नव्हतं. त्याने हळूच विचारलं, "नाथूभाऊ, खरं सांगा. असा पाय असलेला बकरा तुम्ही घ्याल?"

"घेईन की," नाथू म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला. "पाळायला घेईन. दोन पावसाळं डोंगरावर नाय धाडायचा. मंग बगा कसा उंडारतो."

"आमचा खेळ तीन महिन्यांचा असतो," झकेरिया म्हणाला. "याला दवाखान्यात दाखवा. पुढच्या वर्षी बघू."

आणि त्याने यशराज नावाच्या दुसऱ्या पोराला हाक मारली.

पुढच्या वर्षी बघू. परत न्यायच्या बकऱ्याची दोरी नाथूच्या हातात देताना झकेरिया दरवेळी हेच म्हणायचा. ते ऐकून नाथूला आतून बरंच वाटायचं. वाचलं बिचारं, असं म्हणत तो हलक्या पायाने डोंगर चढायचा.

पोलादपूरला उतरून दोघं वाडीची वाट चढू लागले तेव्हा नाथूचे पाय मणामणाचे झाले होते. जितेश पुढे चालत होता. शेवटचं दुकान मागे पडलं, वस्ती संपली, वाट झाडीत वळली. तिथे जितेशने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तो लंगडायला लागला. थोडाथोडका नाही, चांगला पाय ओढत. सकाळी हीच वाट तो ताठ उतरला होता, दिवसभर ताठच होता.

"लय दुखतंय काय रे?" नाथूने मागून विचारलं.

जितेशने वळून पाहिलं नाही.

"लंगडू दे ना आता," तो म्हणाला. "आता कोन घेनार हाय मला?"