तीर्थासाठी उजवा हात

गुरवाची पळी तळव्याला लागताच कुमुदिनीबाईंची उजवी मूठ गच्च मिटली. तीर्थ सांडलं, पळी मुठीत अडकली.

"आजी, सोडा की!"

"त्याला सोडता येत नाही अजून. महिन्याचाच आहे तो."

जन्मताना खांद्याची नस तुटली आणि तो हात सत्तर वर्षं लुळा राहिला. डाव्यावर तीर्थ देत नाहीत, म्हणून त्या नुसतं डोकं टेकवून परतायच्या. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी नवी नस वाढवली होती. हात तान्ह्या बाळासारखा पहिल्यापासून शिकत होता.

"राहू द्या आता," मागची बाई म्हणाली, "रांग खोळंबलीय."

कुमुदिनीबाईंनी डाव्या हाताने एकेक बोट उलगडलं आणि तळवा पुन्हा पुढे धरला. गुरवाने पळी न टेकवता वरून धार सोडली. मूठ पाण्यावरही मिटली. बोटांच्या फटीत राहिलेला थेंब त्यांनी ओठांना लावला.