संगणकाबरोबर आलेले

पडद्यावर पुन्हा तोच जुना आकडा उमटला. माधवीने कपाळाला हात लावला.

"आता काय बिनसलं, बेटा?" दारापाशी ट्रंकेला कुलूप लावीत असलेल्या जयसिंगांनी विचारले.

जयसिंग हे तिचे सासरे. झाशीच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून सेवा केली होती. आज बाराच्या बसने ते गुरसरायला चुलतभावाकडे निघाले होते. 'हवापालट' असे त्यांनी सर्वांना सांगितले होते. परंतु वैशाखाच्या त्या उन्हात ट्रंकेत त्यांची हिवाळ्यातील रजईही गेली होती, हे माधवीने सकाळीच पाहिले होते. घर दोन खोल्यांचे. विवाह होऊन आल्यापासून ती पुण्याच्या एका कंपनीचे काम याच खोलीत, सासऱ्यांच्या खाटेला टेकलेल्या मेजावर करीत असे. तिची मीटिंग सुरू झाली की जयसिंग निमूटपणे गॅलरीत जाऊन उभे राहत. गुरसरायला जाण्यापासून तिने त्यांना दोनदा अडवून पाहिले होते. दोन्ही वेळा त्यांनी हसून विषय बदलला होता.

"संगणकाबरोबरच पायथन आलं होतं, बाबूजी. प्रोग्राम चालवायचं अवजार. ते जुनं झालं म्हणून मी नवं घातलं. तरी हाक मारली की जुनंच ओ देतं, जुन्याच आवृत्तीचा आकडा दाखवतं."

"मग जुनं काढून फेक. कारखान्यात आम्ही हेच करत होतो. नवा पुर्जा आला की जुना भंगारात. त्यात वाईट काय वाटायचं?"

शेवटचे वाक्य त्यांनी ट्रंकेकडे पाहून उच्चारले. खाली रिक्षावाल्या अजयने भोंगा वाजविला.

"चाचाजी, बस तुमाए लाने न रुकहे!" बस तुमच्यासाठी थांबायची नाही, असे तो बुंदेलीत ओरडला.

माधवी खुर्चीवरून वळली. "जुनं काढलं तर संगणकच आडवा होईल. आतली कितीतरी कामं त्याच्याच भरवशावर चालतात. कोणकोणती, ते मलाही पुरतं ठाऊक नाही."

"मग तुझ्या नव्याचं काय?"

"हाक मारली की आधी कुठे शोधायचं, याची संगणकापाशी एक यादी असते. त्यात नव्याची जागा पुढे लिहायची. जुनं आपल्या जागी राहतं."

तिने एक ओळ लिहिली. पडद्यावरची, हुकूम लिहायची काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडली. नवा आकडा झळकला. जयसिंगांनी चष्मा लावून तो वाचला.

"आणि जुनं? आहे का अजून?"

माधवीने जुन्याच्या जागेचा पूर्ण पत्ता लिहून त्याला हाक मारली. त्याने तत्काळ आपला आकडा सांगितला. जयसिंग खुदकन हसले.

भोंगा पुन्हा वाजला. ते गॅलरीत गेले.

"अजय भैया, तुम जाओ."

"और बस?"

"बस तो रोज जाती है."

परत येऊन त्यांनी आपली खाट खिडकीपासून ओढून भिंतीशी नेली व माधवीचे मेज खिडकीपुढे सरकविले. मेज किंचित डगमगले, तेव्हा एका पायाखाली कागदाची घडी सारली. नंतर ट्रंकेचे कुलूप काढले.

"ही वरच्या फळीवर ठेव, बेटा," रजई तिच्या हाती देत ते म्हणाले. "दिवाळीनंतर लागेल."