पायऱ्यांची टाळी

माया लोकांच्या उन्हात तापलेल्या प्राचीन पिरॅमिडसमोर उभं राहून गाइड फिदेन्सिया चाब्लेनं नेहमीसारखी टाळी वाजवली. पायऱ्यांनी ती परत दिली, पण केत्झाल पाखराची शीळ करून. सहलीची मंडळी हरखली.

"दगडाला बोलायला शिकवलं आमच्या माणसांनी," ती म्हणाली. हे ती रोजच म्हणायची आणि रोज तिची छाती अभिमानानं भरून यायची.

"पण ती माया माणसं तर नाहीशी झाली ना?" एका पाहुण्यानं विचारलं.

"नाहीशी? मग मी काय आभाळातून टपकले? सकाळीच आईशी माया भाषेत भांडून आलेय!"

"साहेब, आता तुमची खैर नाही," बसचा ड्रायव्हर विल्बेर्त म्हणाला, आणि सगळे हसले.

हसू ओसरलं, तेव्हा वरून टाळी ऐकू आली. तिथं चढायला कुणालाच परवानगी नव्हती. पायऱ्या रिकाम्या होत्या.

सगळ्यांनी फिदेन्सियाकडे पाहिलं. तिचे हात कमरेवर होते, मान ताठ होती, आणि तिच्या मिटलेल्या ओठांतून केत्झालची शीळ निघत होती.

वर, रिकाम्या पायऱ्यांवर, कुठलीशी न दिसणारी मंडळी हरखली.