पाण्याचं बटण

"हेही नको?" लेकीने कपाळावर हात मारला. बाबांनी मोबाइल तिच्याकडे परत सरकवला. सकाळपासून ही तिसरी खेप.

मेंदूचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती, त्याला चार महिने झाले. हातपाय धड, डोकं शाबूत, राग तर दुप्पट शाबूत. बोलता न येणाऱ्यांसाठी एक ॲप होतं. बटण दाबलं की मोबाइल त्यांच्या वतीने बोलायचा. पण आपल्या भाषेत नाही. म्हणून लेक ॲपचं भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांत घुसली. त्यांच्या साइटवर डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे रिकामा चौकोन. चौकोनात लिहिलं की मोबाइल लगेच म्हणून दाखवायचा. सोय झकास. गिऱ्हाईक मात्र महाखट.

पहिलंच बटण पाण्याचं. इतरांनी सुचवलं होतं, 'कृपया मला थोडे पाणी मिळेल का?' त्याला पाच जणांची पसंती होती. बाबांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. 'मला पाणी हवे आहे'? नको. 'पाणी द्या ना'? छे!

लेकीला रडूच यायला लागलं. हे एक बटण ते दाबेनात, तर पुढची दोनशे कोण दाबणार? बाबा कायमचे गप्प राहिले तर?

"मग बस चालवून घरी आलात की काय ओरडायचात, तेच लिहू?" ती वैतागून म्हणाली. असलं वाक्य साइटवर कुणी मंजूर करणार नव्हतं. तरी तिने आठवेल तसं बडवलं.

बाबांनी मोबाइल हिसकावला. आवाज पुरता वाढवला आणि बटण दाबलं.

"अगं ए! पाणी आणतेयस की विहीर खणतेयस?"

स्वयंपाकघरात भांडं आदळलं. चार महिने आई बाबांशी तान्ह्या बाळाशी बोलावं तशी हळू, गोड बोलत होती. बाबांना त्याचा मनस्वी कंटाळा आला होता.

"पाय मोडलेत का? घ्या की उठून!" आतून आई कडाडली.

लेकीने जीभ चावली. आई ओल्या हातांनी दारात आली. बाबांचे खांदे हसून हसून गदगदत होते. आई बघतच राहिली. मग तिने डोळे पुसले.

"हेच वाक्य राहू दे," ती लेकीला म्हणाली. "चार महिने झाले, या घरात मला भांडायला माणूस नव्हतं."