वाकडा दुधी

"मामा, हा राहू दे. वाकडा आहे, कोण घेणार?" म्हणत सलोमीने दुधी टेबलाखाली सरकवला. कापणीच्या सणाला आमच्या ख्रिस्ती विद्यापीठात घरच्या पिकांचा देवाच्या नावाने लिलाव होतो. यंदा तो बीबीएच्या वर्गाकडे होता आणि सलोमीने फायनान्सच्या तासाला शिकवलं तशी प्रत्येक वस्तूची किंमत बसवली होती.

दुधी घेऊन आलेले विद्यापीठाचे माळी याकोबमामा मागच्या बाकावर जाऊन बसले. लिलाव संपत आला तरी त्यांची नजर टेबलाखालीच होती. ते बघून सलोमीने दुधी उचलला आणि स्वतःच बोली लावली, "शंभर!"

"दोनशे!" वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त कधीही मोजू नका, असं रोज बजावणारे फायनान्सचे उजागरे सर ओरडले.

"तीनशे!"

"पाचशे!"

याकोबमामा घाबरून उठले. "अहो, थांबा! वेलावर अजून चार आहेत. फुकट न्या की!"